मनाची जखम आणि डॉ. एडना फोआ यांचे कार्य

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु प्रत्येक शाळेत अशीही काही मुले असतात की, जी गेल्या वर्षापर्यंत बरी होती आणि एकाएकी मागे पडली. ती हात वर करीत नाहीत, जरा आवाज झाला की दचकतात, वर्गात बसून कुठेतरी हरवलेली असतात, एखाद्या ठराविक रस्त्याने शाळेत यावयाचे टाळतात. गुणपत्रिकेवर 'अभ्यासाकडे लक्ष नाही' एवढाच शेरा पडतो. जरा खोलात शिरून चौकशी केली तर पुष्कळदा मागे एखादी घटना निघते. कोणी डोळ्यांदेखत अपघात पाहिलेला असतो, कोणाचे घर आगीत किंवा पुरात गेलेले असते, कोणी दंगलीची रात्र दाराला कडी लावून काढलेली असते, तर कोणाशी वडीलधारा म्हणविणारा एखादा माणूस वाईट वागलेला असतो. आणि घरात या सगळ्यावर एकच औषध ठाऊक असते : "विसरून जा. त्याचे नाव काढू नकोस. झाले गेले गंगेला मिळाले."

असे सांगणारे आई-बाप निष्ठुर नसतात. लेकराला पुन्हा त्रास होऊ नये ही मायाच त्यामागे असते. प्रश्न इतकाच आहे की, हे औषध लागू पडते काय? या प्रश्नाच्या अभ्यासात ज्यांनी आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे घातली, अशा एका मानसशास्त्रज्ञ बाईंची हकिकत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. त्यांचे नाव डॉ. एडना फोआ.

एडना फोआ यांचा जन्म १९३७ साली हैफा या बंदराच्या शहरी झाला. त्यावेळी पॅलेस्टाईनवर इंग्रजांचा अंमल होता आणि हैफात अरब व यहुदी दोन्ही समाज राहत होते. पुढे त्या भूमीवर काय घडले ते आपण जाणता, आणि त्याविषयीचे आपले दुःखही मला ठाऊक आहे. परंतु विद्येच्या बाबतीत आपल्या पूर्वजांचा शिरस्ता उघड आहे. त्यांनी यूनानी वैद्यांचे ग्रंथ अरबीत आणले, हिंदुस्थानातून अंक घेतले, आणि पुढे सगळ्या युरोपाने त्यांच्यापाशी विद्या घेतली. औषध कोणाच्या हातचे आहे यापेक्षा त्याला गुण आहे की नाही, हे त्यांनी पाहिले. आपणही तेवढेच पाहू.

१९६२ साली बार-इलान विद्यापीठातून मानसशास्त्र आणि साहित्य हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन १९७० साली मिसुरी विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. त्यानंतर त्या फिलाडेल्फिया शहरी टेम्पल विद्यापीठात डॉ. जोसेफ वोल्पे यांच्या हाताखाली शिकावयास गेल्या. या वोल्पे यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात ते दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर होते. लढाईने मन मोडलेल्या सैनिकांना गुंगीचे औषध देऊन बोलते करावयाचे, अशी त्याकाळची रीत होती. वोल्पे यांनी ती करून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आले की, हा गुण टिकत नाही. टिकाऊ उपाय कोणता, याच्या शोधात त्यांनी भीतीच्या वस्तूकडे पायरीपायरीने, शांत मनाने जाण्याची पद्धत बसविली आणि १९५८ साली ती ग्रंथरूपाने मांडली. एखादा उपाय क्षणभर बरे वाटायला लावतो की माणसाला कायमचे बरे करतो, ही कसोटी फोआबाईंना या गुरूंपाशी मिळाली असावी, असे त्यांचे पुढील काम पाहता वाटते.

आरंभी त्यांनी वस्वशाच्या रोगावर काम केले. वस्वसा हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. वुजू झाला तरी झाला नाही असे वाटते, पुन्हा हात धुवावे, पुन्हा पाय धुवावे, नमाजची वेळ टळून जाते तरी मनाची खात्री पटत नाही, असे लोक आपण पाहिलेले आहेत. हात धुतला की घटकाभर बरे वाटते, परंतु त्या बरे वाटण्यानेच शंका अधिक बळावते. अशा रोग्याला मळाच्या जवळ न्यावयाचे आणि हात धुवू द्यावयाचे नाहीत, असा हा उपचार. पहिल्यांदा जीव कासावीस होतो, पण थोड्या वेळाने आपोआप शांत होतो, आणि न धुताही काही अनर्थ ओढवला नाही, हे माणूस स्वतः अनुभवतो. डॉ. फोआ यांनी १९७९ साली फिलाडेल्फियात चिंताविकारांवरील उपचार व अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. येथूनच त्या आघाताने पोळलेल्या माणसांकडे वळल्या.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे जरूर आहे. लढाई, अपघात, अत्याचार यांनंतर काही माणसांचे मन जागच्या जागी अडकून पडते, ही गोष्ट जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात तिला 'शेल शॉक' म्हणत. व्हिएतनामहून परतलेल्या हजारो सैनिकांचे हाल पाहिल्यावर, १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगांच्या यादीत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव घातले. मराठीत आपण त्याला आघातोत्तर विकार म्हणू. याची लक्षणे ठळक आहेत. घडलेली घटना दिवसा आणि स्वप्नात पुन्हा पुन्हा समोर येते, त्या घटनेची आठवण देणारी प्रत्येक गोष्ट माणूस टाळतो, मनात अपराधाची आणि निराशेची भावना घर करते, आणि शरीर सदैव सावध राहते, झोप जाते, चिडचिड वाढते.

डॉ. फोआ यांनी अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांपासून सुरुवात केली. विषय नाजूक आहे आणि समोर विद्यार्थी बसले आहेत, म्हणून मी तपशिलात जात नाही. परंतु या स्त्रिया समाजात कोणापाशी बोलू शकत नव्हत्या, हे लक्षात ठेवावे. आधी या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. घटना घडल्यानंतर दर आठवड्याला या स्त्रियांची तपासणी करून बारा आठवडे नोंद ठेवली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले की, पहिल्या दोन आठवड्यांच्या सुमारास शंभरातील ९४ स्त्रियांमध्ये विकाराची लक्षणे होती. तीन महिन्यांनंतर मात्र ती ४७ जणींतच राहिली.

मित्रहो, या दोन आकड्यांत फार मोठा दिलासा आहे. मोठ्या धक्क्यानंतर माणूस हादरतो, रडतो, झोपत नाही, हे रोगाचे लक्षण नसून मनाचा धर्म आहे. आणि जवळजवळ निम्मी माणसे कोणत्याही डॉक्टरशिवाय, वेळ आणि माणसांचा आधार यांवर सावरतात. मग उरलेली का सावरत नाहीत? त्यांची जखम ओलीच का राहते? डॉ. फोआ यांच्या पुढील साऱ्या कार्याचे मूळ या प्रश्नात आहे.

त्यांचे उत्तर, त्यांनी आणि मायकेल कोझॅक यांनी १९८६ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधापासून क्रमाक्रमाने तयार होत गेले. ते सोप्या शब्दांत सांगतो. आपण शिक्षकांनी असा विद्यार्थी पाहिलेला असतो की, जो धड्यातील पहिलेच कठीण वाक्य वाचून पुस्तक मिटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य, पुन्हा पुस्तक बंद. वर्षभर त्याने तो धडा शंभर वेळा उघडलेला असतो आणि एकदाही वाचलेला नसतो. आघात झालेल्या मनाचे असेच होते. आठवण येते, तिचा पहिला भयंकर क्षण दिसतो, आणि माणूस घाबरून ती ढकलून देतो. त्यामुळे त्या घटनेचा शेवट त्याच्या मनापर्यंत कधी पोहोचतच नाही. तो क्षण संपला, मी त्यातून वाचलो, आज मी घरी सुखरूप आहे, हे त्याच्या बुद्धीला ठाऊक असते, पण मनाला पटलेले नसते.

या टाळण्याच्या छायेत दोन समजुती वाढतात. पहिली अशी की, सारे जग धोक्याचे आहे, कोठेही आणि कोणावरही भरवसा ठेवता येत नाही. दुसरी अशी की, मी कमकुवत आहे, चूक माझीच होती, आता मी कशाच्याही लायक राहिले नाही. माणूस जितका टाळतो तितक्या या समजुती पक्क्या होतात, कारण त्या खोट्या ठरण्याची संधीच मिळत नाही. जो घराबाहेर पाऊल टाकीत नाही, त्याला बाहेरची दुपार किती साधी असते हे कसे कळावे?

यावर त्यांनी जो उपचार बसविला त्याला इंग्रजी नावानेच 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' म्हणतात. दीर्घकाळ सामोरे जाणे, असा त्याचा अर्थ. हा उपचार साधारण आठ ते पंधरा बैठकांचा, दर बैठक सुमारे दीड तासाची. आधी रोग्याला त्याचा विकार नीट समजावून देतात आणि सावकाश श्वास घेण्यास शिकवितात. मग दोन कामे चालतात.

पहिले काम रोजच्या जगातले. रोगी ज्या निर्धोक गोष्टी भीतीने टाळतो त्यांची यादी करून, प्रत्येकीला शून्यापासून शंभरापर्यंत भीतीचे गुण देतात. समजा, एका मुलाला चौकात रिक्षाची धडक बसली आणि तेव्हापासून तो त्या चौकाकडे फिरकत नाही. तर लांबच्या दुकानापाशी वडिलांबरोबर उभे राहणे ही पहिली पायरी, चौकाच्या कडेला उभे राहणे ही दुसरी, वडिलांचा हात धरून रस्ता ओलांडणे ही तिसरी, आणि एकट्याने ओलांडणे ही शेवटची. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबावयाचे, मगच पुढे. भीती चढली असता पळून गेले तर भीती जिंकते. थांबले तर ती आपली आपण उतरते.

दुसरे काम मनातले, आणि ते अधिक कठीण. रोगी डोळे मिटून, डॉक्टरांच्या सोबतीत, घडलेली घटना आता घडत आहे अशा शब्दांत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. एकदा सांगून झाले की पुन्हा सांगतो. त्याचे ध्वनिमुद्रण करतात, पूर्वी कॅसेटवर, आता मोबाईलवर, आणि रोगी ते घरी रोज ऐकतो. नंतर डॉक्टर व रोगी बसून, सांगताना काय नवे जाणवले, याचा विचार करतात. पुष्कळदा येथेच गाठ सुटते. जी बाई कित्येक वर्षे म्हणत होती की, मी ओरडले का नाही, चूक माझीच, ती दहाव्यांदा सांगताना स्वतःच थांबते आणि म्हणते की, त्यावेळी ओरडले असते तर माझा जीव गेला असता. हे वाक्य डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितले असते तर तिने ऐकले नसते. ते तिला स्वतःच्या तोंडून ऐकावे लागते.

आता कोणीही विचारील की, हा छळ नव्हे काय? जखमेवर मीठ चोळण्यासारखे हे नाही काय? त्याकाळी पुष्कळ डॉक्टरांनाही हीच धास्ती वाटत होती. डॉ. फोआ यांनी वाद घालण्याऐवजी प्रयोग करून दाखविला. त्यांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळीस स्त्रिया होत्या आणि त्यांचे चार गट केले होते. एका गटाला घटनेला सामोरे जाण्याचा हा उपचार दिला, दुसऱ्याला ताण सहन करण्याच्या युक्त्या शिकविल्या, तिसऱ्याला नुसता धीर व आधार दिला, आणि चौथ्या गटाला काही काळ थांबविले. उपचार नऊ बैठकांचा होता. तो संपला त्या दिवशी युक्त्या शिकलेला गट सर्वांत पुढे होता. परंतु साडेतीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा ज्या स्त्रियांनी घटनेला तोंड दिले होते त्यांची प्रकृती सर्वांहून सुधारलेली आढळली.

पालकांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले आणि वर्षभर समजून घेतलेले, यांतील फरक निकालाच्या दिवशी कदाचित दिसणार नाही. पुढच्या इयत्तेत तो दिसतो.

मग हा गुण किती काळ टिकतो? याचे उत्तर दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून मिळते. डॉ. पॅट्रिशिया रेसिक यांनी फोआबाईंचा उपचार आणि स्वतः बसविलेला एक उपचार यांची तुलना केली होती. त्यातील स्त्रियांना त्यांनी कित्येक वर्षांनी पुन्हा शोधून काढले. १२६ जणी भेटल्या. उपचाराला सरासरी सहा वर्षे लोटली होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, दोन्ही उपचारांचा गुण बहुतांशी टिकून असल्याचे आढळले आणि दहांतील सुमारे आठ जणींत विकार उरलेला नव्हता. त्यांच्या आठवणी कोणी पुसल्या नव्हत्या. घटना त्यांना पूर्वीसारखीच ठाऊक होती. बदलले होते ते त्यांचे स्वतःविषयीचे मत. मी मोडलेली आहे असे म्हणणारी बाई, माझ्यावर एक वाईट प्रसंग आला होता आणि मी त्यातून निभावून आले, असे म्हणू लागली होती. माणसात कायमचा बदल होतो तो असा.

डॉ. फोआ यांच्या कार्याचा आणखी एक विशेष मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. त्यांनी ही विद्या विद्यापीठात कोंडून ठेवली नाही. फिलाडेल्फियात अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणारी एक संस्था आहे. तेथील साध्या समुपदेशकांना त्यांनी हा उपचार शिकविला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १७९ स्त्रियांच्या अभ्यासात दिसून आले की, या समुपदेशकांच्या हातून आलेला गुण विद्यापीठातील तज्ज्ञांच्या तोडीचा होता. पुढे २०१३ साली त्यांनी तेरा ते अठरा वर्षे वयाच्या ६१ मुलींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तेथेही उपचार करणारे समुपदेशक या पद्धतीत नवीनच होते, तरीही नुसत्या आधाराच्या समुपदेशनापेक्षा या उपचाराने अधिक गुण आला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांतूनही हा उपचार शिकविला गेला. २०१० साली 'टाइम' साप्ताहिकाने जगातील शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांचे नाव घातले.

मात्र एकच बाजू सांगणे शिक्षकाला शोभत नाही. हा उपचार प्रत्येकाला लागू पडतो असे नाही. काहीजण तो अर्ध्यावर सोडतात, काहींना पुरा करूनही थोडाच गुण येतो, आणि इतर उपचारही आज उपलब्ध आहेत. दुसरे असे की, घटना घडल्याबरोबर माणसाला बसवून 'सांग, काय झाले ते सगळे सांग' असा आग्रह धरणे हितकारक नाही. असे एकदाच बोलते करण्याचे प्रयोग झाले आहेत. २००२ साली त्या सर्वांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा त्यांचा उपयोग दिसला नाही, आणि सक्तीने ते करू नये असाच सल्ला दिला गेला. पहिल्या दिवसांत सुरक्षितता, जेवण, झोप, आपली माणसे आणि ऐकण्याची तयारी एवढेच द्यावे. तिसरे, हा उपचार शिकलेल्या माणसानेच करावयाचा आहे. आजचे भाषण ऐकून कोणी घरी मुलाला डोळे मिटून बसवू नये.

आता आपल्या समाजाकडे वळतो. आपल्याकडे दुःखाच्या प्रसंगी एक शब्द नेहमी उच्चारला जातो, तो म्हणजे सब्र. शब्द थोर आहे. परंतु आपण त्याचा अर्थ गप्प बसणे असा करून टाकला आहे. कुरआन शरीफमध्ये सुंदर सब्राचा आदर्श म्हणून ज्यांचे वर्णन आले आहे, ते हजरत याकूब (अ.) आपल्या यूसुफसाठी इतके रडले की, त्यांच्या डोळ्यांची ज्योत गेली. त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले, गिळून टाकले नाही. आपले पैगंबर (स.अ.स.) यांचे तान्हे बाळ इब्राहिम गेले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून अश्रू वाहिले. मग आपल्या मुलाला 'रडू नको, मर्द आहेस' आणि मुलीला 'तोंड बंद ठेव' असे सांगणारा सब्र आपण कोठून आणला?

आणि मनाच्या उपचाराला परका समजण्याचेही कारण नाही. अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेले. ९३४ साली त्यांचे निधन झाले. शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात क्रोध, भय, शोक आणि वस्वसा या मनाच्या चार व्याधींचा स्वतंत्र विचार आहे. शरीराची औषधे आपण जशी आधीपासून घरात ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, असा त्यांचा उपदेश आहे. ज्याची भीती वाटते त्याची मनाला हळूहळू सवय लावावी, असेही ते सुचवितात. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या ग्रंथाच्या मनाविषयीच्या भागाचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली प्रसिद्ध केला. दुवा आणि दवा यांत आपल्या पूर्वजांनी भांडण लावले नव्हते.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. शाळेच्या वाटेवर एखाद्या मुलीची छेड निघाली तर आपल्या घरांत काय घडते? उद्यापासून शाळा बंद. दहावीला चार महिने असोत नाहीतर बारावीला. आपण म्हणतो, मुलीची काळजी घेतली. डॉ. फोआ यांच्या दृष्टीने पाहिले तर आपण काय केले? सारे जग धोक्याचे आहे, ही तिच्या मनातील पहिली समजूत आपण खरी ठरविली. आणि छेड काढणारा मोकळा फिरत असताना शिक्षा तिला देऊन, चूक तुझीच होती, ही दुसरी समजूतही तिच्या मनावर कोरून ठेवली. एका घटनेचा धक्का कदाचित तीन महिन्यांत ओसरला असता. शाळा सोडविण्याचा निर्णय तिला आयुष्यभर पुरतो.

खऱ्या धोक्याला सामोरे जा, असे मी म्हणत नाही, आणि डॉ. फोआ यांचा उपचारही तसे म्हणत नाही. जेथे खरा धोका आहे तेथे आधी तो दूर केला पाहिजे. त्या माणसाविरुद्ध तक्रार झाली पाहिजे, शाळेला कळविले पाहिजे, चार मुलींनी मिळून यावे, काही दिवस वडिलांनी किंवा भावाने सोबत करावी. परंतु धोका दूर झाल्यावरही भीती उरते, आणि त्या उरलेल्या भीतीला शरण जाऊन मुलीचे शिक्षण तोडू नये. पहिल्या दिवशी अम्मीने शाळेच्या फाटकापर्यंत यावे, पुढच्या आठवड्यात नाक्यापर्यंत, आणि मग एके दिवशी दारातूनच निरोप द्यावा. यासाठी कोणत्याही पदवीची जरूर नाही.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. मूल काही सांगू लागले तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. 'तू तिकडे गेलासच का?' हा प्रश्न पहिला विचारू नये. 'तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही,' हे वाक्य पहिले असावे. महिना लोटला तरी झोप, भूक, अभ्यास ताळ्यावर येत नसेल, मूल सतत दचकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. त्यात बदनामी मानू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही सोय मिळते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६. लहान मुलांवरील संकटासाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर असावेत, अशी माझी विनंती आहे. कधी लागणार नाहीत तर उत्तमच.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांलाही दोन शब्द. तुमच्यापैकी कोणाच्या मनात अशी एखादी गोष्ट दडलेली असेल तर ती दडविण्यात तुमची शक्ती खर्च होत आहे. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला ती सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. तुमचा एखादा मित्र अचानक गप्प झाला असेल तर त्याची थट्टा करू नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि तुमच्यापैकी कोणी पुढे मानसशास्त्राचा अभ्यास करावयाचे ठरविले, तर मला फार आनंद होईल. आपल्या समाजातून डॉक्टर निघतात, इंजिनिअर निघतात. मनाची जखम समजणारे, आपल्या मुलांशी आपल्याच बोलीत बोलणारे समुपदेशक मात्र आपणांस पुष्कळ हवे आहेत. फिलाडेल्फियातील साध्या समुपदेशकांना जे शिकता आले ते आपल्या मुलामुलींना शिकता येणार नाही, असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.